निवडणुकीचा एसएमएस : इतवारीच्या बाजारातून दिसणारा एक कायदेशीर इतिहास

निवडणूक प्रचारासाठी मोबाइलवरच्या लघुसंदेशांचा वापर भारतात ठळकपणे दिसला तो 2004 च्या लोकसभा निवडणुकीत; पक्षनिधीच्या आवाहनासाठी तो पुढे होऊ लागला. त्याला लगाम घालणारे नियम मात्र पुढच्या वीस वर्षांत तुकड्यातुकड्यांनी आले. काही निवडणूक आयोगाच्या पत्रांतून आले, काही दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘ट्राय’च्या विनियमांतून, काही प्राप्तिकर कायद्यातून, तर काही न्यायालयांच्या आदेशांतून. या सगळ्यांच्या मागे 1885 चा तार कायदा उभाच होता. नागपूरची इतवारी ही जुनी घाऊक पेठ या इतिहासाकडे पाहण्यासाठी सोयीची जागा आहे. सराफा, कापड, किराणा, मस्कासाथचे मसाले असा हा बाजार. इथल्या दुकानदाराचा मोबाइल नंबर गाळ्याच्या पाटीवर रंगवलेला असतो आणि बिलबुकावर छापलेला असतो. दिवाळीच्या सेलचा संदेश गिऱ्हाइकांना पाठवणारा तोच असतो आणि उमेदवाराचा संदेश ज्याच्या फोनवर येऊन पडतो तोही तोच. एकाच माणसाला कायद्याने या दोन संदेशांबाबत दोन निराळी मापे कशी लावली, हे त्यामुळे इथे सहज कळते.

लहान रकमांतून राजकीय निधी उभा करण्याची परंपरा नागपूरला मोबाइलच्या कितीतरी आधीपासूनची आहे. डिसेंबर 1920 मध्ये काँग्रेसचे अधिवेशन नागपुरात भरले. अध्यक्ष सी. विजयराघवाचारियर होते आणि स्वागत समितीची धुरा वर्ध्याच्या जमनालाल बजाजांकडे होती. शहरातल्या काँग्रेसनगर या वस्तीचे नाव त्याच अधिवेशनाची खूण आहे. या अधिवेशनाने पक्षाची घटना बदलली आणि सभासदत्वाची वर्गणी चार आणे ठरवली. पुढच्या वसंतात बेजवाड्याला अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक झाली. टिळक स्वराज्य फंडासाठी 30 जून 1921 पर्यंत एक कोटी रुपये आणि पक्षासाठी एक कोटी सभासद जमवण्याचे तिथे ठरले, आणि मुदतीत फंडाचा आकडा गाठला गेला. तेव्हाचे साधन होते पावती पुस्तक, झोळी आणि दारोदार फिरणारा कार्यकर्ता. वर्गणी देणाऱ्याचे नाव-गाव पक्षाच्या वहीत येत असे, पण ते त्याच्या समोर आणि त्याच्याच तोंडून विचारून लिहिलेले असे. पुढे हाच मुद्दा निसटला, म्हणून तो इथे नोंदवणे भाग आहे.

स्वातंत्र्यानंतरचा प्रचार भिंती, पत्रके आणि भोंगा यांवर चालला. सायकल रिक्षावर भोंगा बांधून गल्लीबोळांतून फिरायचे, रात्री पत्रके वाटायची, भिंतींवर निशाणी रंगवायची. इतवारीला राजकीय मजकूर जाहीरपणे मिरवण्याची सवय तर निवडणुकांपेक्षा जुनी आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथून निघणाऱ्या काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या मिरवणुकीत महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत सगळ्यावर बोलणारे बडगे, म्हणजे पुतळे, असतात. छापील प्रचारासाठी कायद्याने फार लवकर एक अट घातली. लोकप्रतिनिधित्व कायद्यात 1961 मध्ये कलम 127 अ आले आणि निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे आणि पत्ते छापणे सक्तीचे झाले. छापखान्याने प्रकाशकाकडून प्रतिज्ञापत्र घ्यायचे आणि त्याची प्रत अधिकाऱ्यांकडे पाठवायची. मजकूर कोणाचा, हे वाचणाऱ्याला कळलेच पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व होते. मोबाइलचा संदेश आला तेव्हा याच तत्त्वाची सर्वांत जास्त गरज होती. तेव्हाच ते लागू करणे सर्वांत अवघड होऊन बसले, कारण संदेशाला मुद्रक नव्हता आणि त्यावर पत्ताही नव्हता.

2003 मध्ये येणारे कॉल फुकट झाले आणि मोबाइल हा श्रीमंतांचा जिन्नस राहिला नाही. तरीही मार्च 2004 मध्ये देशभरात मोबाइल जोडण्या साडेतीन कोटींच्या आतच होत्या. त्या निवडणुकीत भाजपच्या प्रचाराची सूत्रे अंबाजोगाईत वाढलेल्या प्रमोद महाजनांकडे होती. त्याआधी त्यांनी केंद्रात दूरसंचार खाते सांभाळले होते, त्यामुळे या यंत्रणेची ताकद त्यांना नेमकी ठाऊक होती. एसएमएस, ई-मेल आणि पंतप्रधान वाजपेयींच्या आवाजातला ध्वनिमुद्रित निरोप यांचा एवढा मोठा वापर भारतात पहिल्यांदाच झाला. फोन उचलल्यावर पंतप्रधानांचाच आवाज ऐकू आल्याने लोक चकित झाले, पण त्याचे मतांत रूपांतर झाले नाही. देशात सत्ता गेली आणि नागपुरातही काँग्रेसचे विलास मुत्तेमवार यांनी भाजपचे अटलबहादूर सिंह यांचा पराभव केला. तरी हे साधन कोणत्याच पक्षाने टाकून दिले नाही. ज्यांनी त्याचा पराभव पाहिला, त्यांनीही पुढच्या निवडणुकीत तेच उचलले.

जनतेला एसएमएसने मत देण्याची सवय लावली ती मात्र राजकारणाने नव्हे, दूरचित्रवाणीवरच्या गाण्यांच्या स्पर्धांनी. मार्च 2005 मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत ‘इंडियन आयडॉल’ झाला तो प्रेक्षकांच्या मतांवर. 2009 मध्ये हिंगणघाटच्या वैशाली माडे हिंदी ‘सारेगमप’ची स्पर्धा जिंकल्या, तीही लोकांच्या मतांवरच. या मतासाठी नेहमीच्या संदेशापेक्षा जास्त दर लागत असे. संदेश पाठवणे म्हणजे एखाद्याच्या बाजूने उभे राहणे आणि त्यासाठी खिशातून थोडे पैसे देणे, ही दोन्ही कामे एका बटणावर होऊ शकतात, हे लोकांच्या अंगवळणी पडले.

जगातही हीच वर्षे निर्णायक होती. जानेवारी 2001 मध्ये फिलिपिन्सच्या राजधानीत अध्यक्ष एस्त्रादा यांच्याविरुद्ध लोक एसएमएसवरून एकत्र आले आणि अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले. मार्च 2004 मध्ये माद्रिदच्या बॉम्बस्फोटांनंतर मतदानाच्या आदल्या दिवशी, म्हणजे स्पेनच्या कायद्याने प्रचार बंद असतानाच, ‘पुढे पाठवा’ अशा सूचनेचे संदेश फिरले आणि सत्ताधारी पक्षाच्या कार्यालयासमोर गर्दी जमली. दुसऱ्या दिवशी सरकार हरले. प्रचारबंदीचा काळ कागदावर पाळला जातो आणि खिशातल्या फोनवर मोडतो, ही अडचण त्या दिवशी साऱ्या जगाच्या लक्षात आली.

भारतात प्रचारबंदीचा नियम लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 126 मध्ये आहे. मतदान संपण्याच्या वेळेआधीचे 48 तास सभा, मिरवणुका आणि चित्रपट, दूरचित्रवाणी किंवा तत्सम साधनांवरून निवडणुकीचा मजकूर दाखवणे बंद. जाहीर प्रचाराची सांगता झाली की छुपा प्रचार सुरू होतो, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहे. छुप्या प्रचाराला एसएमएसइतके सोयीचे साधन दुसरे नव्हते. नोव्हेंबर 2008 मध्ये निवडणूक आयोगाने यावर स्वतंत्र सूचना काढली. त्या 48 तासांत राजकीय स्वरूपाचे घाऊक एसएमएस पाठवण्यास मनाई झाली. आक्षेपार्ह संदेशांच्या तक्रारींसाठी पोलिसांनी खास मोबाइल नंबर जाहीर करायचे आणि ज्याला असा संदेश येईल त्याने तो पाठवणाऱ्याच्या नंबरासह त्यावर पाठवायचा, अशी सोय झाली. घाऊक संदेशांचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरण्याची व्यवस्थाही आखली गेली. 16 एप्रिल 2009 रोजी नागपूरने मतदान केले ती या सूचनेनंतरची शहराची पहिली लोकसभा निवडणूक. तोपर्यंत देशातल्या मोबाइल जोडण्या 39 कोटींवर गेल्या होत्या.

खर्चाचा भाग इथे थोडा उलगडावा लागतो, कारण पळवाट तिथेच आहे. 2004 आणि 2009 मध्ये मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला 25 लाख रुपये खर्चाची मर्यादा होती. ती 2011 मध्ये 40 लाख, 2014 मध्ये 70 लाख आणि 2022 मध्ये 95 लाखांवर गेली. ही मर्यादा उमेदवारापुरती आहे. पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही. संदेशात उमेदवाराचे नाव असेल तर तो खर्च त्याच्या खात्यावर पडतो, नाव वगळून नुसती निशाणी आणि पक्षाचे नाव टाकले तर तो पक्षाचा सर्वसाधारण प्रचार ठरतो. एका ओळीच्या मजकुरात एक नाव असणे-नसणे यावर लाखोंचा हिशेब फिरतो. फ्लेक्सवर छायाचित्र असते, सभेला मंडप असतो, त्यांचे मोजमाप खर्च निरीक्षकाचा माणूस डोळ्यांनी करू शकतो. संदेशाचे मोजमाप सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या नोंदींशिवाय होत नाही.

मजकुराच्या लांबीचाही खर्चाशी थेट संबंध आहे आणि मराठी उमेदवाराला तो चांगलाच भोवला. इंग्रजी लिपीतला एक एसएमएस 160 अक्षरांचा असतो, देवनागरीतला फक्त 70 चा. त्यातही काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी वेगळी मोजली जाते. ‘नागपूर’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण यंत्र त्याची सहा अक्षरे मोजते. ‘इतवारी’चेही तसेच. उमेदवाराचे नाव, निशाणी, वॉर्ड आणि मतदानाची तारीख एवढे देवनागरीत लिहिले की एका संदेशाचे दोन होतात आणि दर दुप्पट होतो. म्हणून त्या काळात मराठी मतदाराला मराठी उमेदवाराचा निरोप बऱ्याचदा इंग्रजी लिपीत लिहिलेल्या मराठीतून यायचा. ज्या म्हाताऱ्या माणसाला ही लिपी वाचता येत नव्हती, त्याच्यापर्यंत तो पोहोचतच नव्हता.

दुसऱ्या बाजूला ट्रायने 2007 मध्ये नकोशा व्यापारी संदेशांविरुद्ध पहिले विनियम केले. 1909 या क्रमांकावर नोंद केली की जाहिरातींचे फोन आणि संदेश बंद व्हावेत, अशी ती योजना. मात्र ‘नकोसा व्यापारी संदेश’ याची व्याख्या वस्तू, गुंतवणूक आणि सेवा यांच्या व्यवहारापुरती बांधलेली होती. मत मागणे हा व्यापार नव्हे. त्यामुळे इतवारीतल्या साडीच्या दुकानाचा सेलचा संदेश नियमात अडकला आणि उमेदवाराचा संदेश त्या जाळ्याबाहेर राहिला. 1909 वर नोंद केलेल्या ग्राहकाला निवडणुकीच्या दिवसांत आपल्या फोनवर उमेदवारांचे संदेश कसे येतात, हे कोडे याच व्याख्येने घातले होते.

1 डिसेंबर 2010 च्या नव्या विनियमांनी जाळे अधिक घट्ट केले. टेलिमार्केटिंग कंपन्यांची नोंदणी आली, जाहिरातींना सकाळी नऊ ते रात्री नऊ अशी वेळ आली. 27 सप्टेंबर 2011 पासून ते पूर्णपणे लागू झाले आणि त्याबरोबर एका सिमवरून दिवसाला 100 संदेशांची मर्यादा आली, ती पुढे 200 झाली. जाहिरातदार साध्या सिमकार्डांवरून संदेश सोडत होते, त्यांना रोखण्यासाठी ही मर्यादा होती. पण ती सरसकट सगळ्यांवर पडली, कार्यकर्त्यांवर आणि सामाजिक संस्थांवरही. जुलै 2012 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही मर्यादा व्यापारी नसलेल्या संदेशांपुरती रद्द केली. आपले म्हणणे संदेशातून लोकांना कळवणे हा अभिव्यक्तीचा भाग आहे, ही भूमिका त्यामागे होती. राजकीय एसएमएसच्या बाजूने लागलेला हा एक महत्त्वाचा निकाल आहे आणि तो योग्यच होता. नियामकाने जाहिरातबाजांवर रोखलेली काठी सामान्य माणसाच्या बोलण्यावर पडणे चुकीचेच होते.

राज्यसत्तेच्या हातातली मोठी काठी वेगळीच होती, ती म्हणजे तार कायद्याचे कलम 5(2). सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणाने संदेश अडवण्याचा अधिकार त्यात होता. सप्टेंबर 2010 मध्ये अयोध्या निकालाच्या आधी केंद्राने देशभर घाऊक एसएमएस बंद केले. ऑगस्ट 2012 मध्ये ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार अशा अफवा पसरल्या आणि बंगळुरू, पुण्यासारख्या शहरांतून हजारो माणसे गाड्या भरून गावी निघाली. तेव्हा पंधरा दिवसांसाठी दिवसाला पाचच संदेशांची मर्यादा आली. महिन्याभरापूर्वी ज्या मर्यादेला न्यायालयाने घटनेच्या कसोटीवर नाकारले, तिच्याहून कितीतरी कडक मर्यादा दुसऱ्या कायद्याखाली एका आदेशाने आली. पुढच्या वर्षी जुलैमध्ये भारतात तारसेवाच बंद झाली. तारेचा कायदा मात्र मोबाइलवर राज्य करत राहिला.

याच काळात एक साधन असे निघाले, ज्यात पाठवणाऱ्याचे पैसेही लागत नव्हते. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या 2011 च्या लोकपाल आंदोलनाने पाठिंबा नोंदवण्यासाठी मिस्ड कॉलचे आवाहन केले. मुंबईच्या एका नंबरावर रिंग द्यायची, ती आपोआप तुटायची आणि उलट धन्यवादाचा संदेश यायचा. गावोगावच्या लोकांनी रिंग दिली. 5 एप्रिलला जंतरमंतरवर उपोषण सुरू झाले, ऑगस्टमध्ये ते रामलीला मैदानावर गेले आणि प्रत्येक टप्प्याचा निरोप या नंबरांवर पोहोचत राहिला. मिस्ड कॉलमध्ये मोठी गोष्ट अशी होती की माणूस आपला नंबर स्वतःहून देत होता. संमती होती, पण ती कशासाठी आणि किती काळासाठी, हे कुठेच लिहिलेले नव्हते. नोव्हेंबर 2014 मध्ये भाजपने सभासद नोंदणीसाठी हीच पद्धत देशभर वापरली. 1920 चे चार आणे जाऊन त्या जागी एक रिंग आली.

2014 च्या लोकसभा निवडणुकीत नागपूरची लढत देशभर गाजली. नितीन गडकरी पहिल्यांदाच लोकसभेला उभे होते. समोर विलास मुत्तेमवार होते आणि आम आदमी पक्षाकडून अंजली दमानिया. 10 एप्रिलला मतदान झाले आणि गडकरी 2 लाख 84 हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. या निवडणुकीत प्रचाराच्या साधनांवरचे नियम बरेच पुढे सरकले होते. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दूरचित्रवाणीवरच्या राजकीय जाहिरातींना पूर्वप्रमाणपत्र सक्तीचे झाले होते. ऑक्टोबर 2013 मध्ये आयोगाने समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींनाही तेच लागू केले. घाऊक एसएमएस आणि ध्वनिमुद्रित निरोपही पुढे याच कक्षेत आले. उमेदवाराने मजकूर जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडे द्यायचा, समितीने तपासून परवानगी द्यायची आणि मग तो पाठवायचा. नोंदणीकृत पक्षाने आणि उमेदवाराने तीन दिवस आधी, इतरांनी सात दिवस आधी अर्ज करायचा. महापालिकेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत येतात, त्यांचे आदेश वेगळे निघतात. त्यामुळे वॉर्डातल्या उमेदवाराला लोकसभेचा नियम पाठ असून भागत नाही.

पैशाचा प्रवास या सगळ्याहून वेगळ्या वाटेने झाला. अमेरिकेत 2010 मध्ये हैतीच्या भूकंपानंतर रेड क्रॉसने एका संदेशामागे दहा डॉलर थेट मोबाइलच्या बिलातून घेतले आणि तीन कोटींहून जास्त डॉलर जमवले. जून 2012 मध्ये तिथल्या संघीय निवडणूक आयोगाने राजकीय उमेदवारांनाही ही वाट मोकळी केली, एका नंबरामागे महिन्याला 50 डॉलरच्या मर्यादेत. भारतात मोबाइलच्या शिलकीतून पक्षाला देणगी देण्याची पद्धत रुजली नाही. न मागितलेल्या सेवांसाठी ग्राहकांची शिल्लक कापली जाते, या तक्रारींनी 2013 पर्यंत ट्रायला दुहेरी संमतीचा नियम करावा लागला होता. त्यामुळे भारतात एसएमएस हा देणगीचा मार्ग न होता देणगीच्या आवाहनाचा मार्ग झाला. संदेशात दुवा किंवा खात्याचा तपशील यायचा, पैसे बँकेतून जायचे. 2013-14 मध्ये आम आदमी पक्षाने लहान देणग्यांचे आवाहन असेच इंटरनेटवरून उघडपणे केले.

देणगीवरचे कायदे या काळात अधिक कडक झाले. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29 क प्रमाणे 20 हजारांवरच्या देणगीदारांची माहिती आयोगाला द्यावी लागते. 2017 च्या वित्त कायद्याने रोख देणगी दोन हजारांवर आणली. पक्षाला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात सूट हवी असेल तर ती रोखीत देऊन चालत नाही. परदेशी नागरिकाकडून पक्षाने पैसे घेणे विदेशी अंशदान कायद्याने बंद आहे. म्हणून न्यू जर्सीतल्या मराठी घरात एकाच संदेशावर भारतीय पासपोर्ट असलेला भाऊ देणगी देऊ शकतो, अमेरिकन नागरिक झालेला भाऊ देऊ शकत नाही. महाराष्ट्रात गणेशोत्सवाची वर्गणीही सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 क मध्ये येते आणि तात्पुरत्या वर्गणीला धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते. इतवारीतला व्यापारी वर्षभर वर्गणी देतो. मंडळाला, मंदिराला, आपत्तीच्या मदतीला, पक्षाला. प्रत्येक वर्गणीमागे वेगळा कायदा आहे, आणि मोबाइलवरून मागणी आली म्हणून त्यातला एकही शिथिल होत नाही.

एप्रिल 2016 मध्ये आलेल्या यूपीआयने मागणी आणि देणे यांतले अंतरच मिटवले. डिसेंबर 2021 मध्ये भाजपने पाच रुपयांपासून हजार रुपयांपर्यंतच्या लहान देणग्यांची मोहीम सुरू केली. 18 डिसेंबर 2023 रोजी काँग्रेसने ‘डोनेट फॉर देश’ ही मोहीम सुरू केली. पक्षाला 138 वर्षे होत होती म्हणून देणग्याही 138, 1,380 आणि 13,800 अशा पटींत मागितल्या. प्रेरणा टिळक स्वराज्य फंडाची, असे पक्षाने स्वतः सांगितले. दहाच दिवसांनी, 28 डिसेंबरला, स्थापना दिनाची सभा नागपुरातच झाली आणि तिथल्या खुर्च्यांवर देणगीचे क्यूआर कोड लावण्याची योजना पक्षाने जाहीर केली होती. दरम्यान 2018 पासून मोठ्या देणग्या निवडणूक रोख्यांतून निनावी जात होत्या, ते रोखे सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी घटनाबाह्य ठरवले. शंभर रुपये देणारा नावानिशी नोंदला जात होता आणि कोटी देणारा अनामिक राहत होता. लोकशाहीत याहून उलटा न्याय दुसरा नसेल, आणि न्यायालयाने तो मोडला हे चांगलेच झाले.

व्यापाऱ्याच्या संदेशाभोवतीचा फास या वर्षांत आणखी आवळला. जुलै 2018 च्या विनियमांनी घाऊक संदेश पाठवणाऱ्या प्रत्येकाला ऑनलाइन खातेवहीत नोंद करायला लावली. आधी संस्था नोंदवायची, मग संदेशावर दिसणारे सहा अक्षरी नाव, मग मजकुराचा साचा. साच्याबाहेरचा मजकूर मध्येच अडतो. 8 मार्च 2021 ला ही चाळणी खरोखर सुरू झाली तेव्हा बँकांचे ओटीपी आणि लसीकरणाच्या नोंदणीचे संदेशही अडकले आणि ट्रायला ती आठवडाभर थांबवावी लागली. इतवारीतल्या छोट्या दुकानदाराला दिवाळीचा एक निरोप पाठवायचा तर या सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात, नोंदणीचे पैसे वेगळे. राजकीय पक्ष घाऊक मार्गाने पाठवतात तेव्हा त्यांनाही या नोंदणीतून जावे लागते. पण व्यापारी संदेशाबाबत ग्राहकाला आपली आवड-निवड नोंदवता येते. ‘मला निवडणुकीचे संदेश नकोत’ असे सांगण्याची जागा त्या यंत्रणेत केलेलीच नाही.

अशा रीतीने कायद्याने राजकीय संदेशाला तीन प्रश्न विचारले : तो कोणी पाठवला, त्याचा खर्च कोणी केला आणि तो कधी पाठवला. पाठवणाऱ्याला माझा नंबर कुठून मिळाला, हा चौथा प्रश्न मात्र कोणी विचारलाच नाही. प्रसिद्ध होणाऱ्या मतदार यादीत नाव, वय, लिंग, नातेवाइकाचे नाव आणि घर क्रमांक असतो, मोबाइल नंबर नसतो. तरीही बूथनिहाय संदेश बरोबर त्या त्या गल्लीत येतात.

हा प्रश्न न्यायालयात सर्वांत स्पष्टपणे आला तो पुदुच्चेरीत. एप्रिल 2021 च्या विधानसभा निवडणुकीआधी तिथल्या मतदारांना भाजपच्या बूथनिहाय व्हॉट्सअॅप गटांचे दुवे असलेले घाऊक एसएमएस आले. आधारशी जोडलेल्या नंबरांवरच ते आले, असा आरोप करणारी जनहित याचिका मद्रास उच्च न्यायालयात झाली. भाजपने आरोप नाकारला आणि नंबर कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन जमवल्याचे सांगितले. संदेशांना पूर्वप्रमाणपत्र घेतले नसल्याबद्दल पक्षाला नोटीस दिल्याचे आयोगाने न्यायालयाला सांगितले. न्यायालयाने आधार प्राधिकरणाकडेही विचारणा केली आणि तपासाची गरज सांगितली. आयोगाच्या हातात प्रमाणपत्राचा नियम होता, म्हणून तो लागू झाला. मतदाराचा नंबर कसा मिळाला, याला धरून कारवाई करता येईल असा नियम आयोगाकडे नव्हता.

प्रचार एसएमएसवरून व्हॉट्सअॅपवर सरकला तेव्हा ट्रायचे विनियम मागेच राहिले, कारण ते दूरसंचार कंपन्यांच्या संदेशांपुरते आहेत. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. देशभर अशा घटना घडत होत्या आणि त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. मार्च 2024 मध्ये आचारसंहिता लागल्यानंतरही ‘विकसित भारत’ या नावाने सरकारी संदेश लोकांच्या व्हॉट्सअॅपवर येत होते. 21 मार्चला आयोगाने ते ताबडतोब थांबवायला सांगितले. त्यानंतर महिन्याच्या आतच, 19 एप्रिलला, नागपूरने मतदान केले.

फेब्रुवारी 2025 च्या दुरुस्तीने ट्रायने संदेश पाठवणाऱ्याच्या नावापुढे एक अक्षर जोडणे सक्तीचे केले. जाहिरातीला ‘पी’, सेवेला ‘एस’, व्यवहाराला ‘टी’ आणि सरकारी संदेशाला ‘जी’. राजकीय प्रचाराला स्वतंत्र अक्षर नाही. ते देणे अवघड नव्हते. पत्रकावर मुद्रकाचे नाव मागणाऱ्या 1961 च्या कलमाचे मोबाइलच्या काळातले रूप तेच झाले असते.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर आता निवडणूक कायद्याबाहेर सापडण्याची शक्यता आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला. माणसाचा नंबर वापरायचा तर कशासाठी, हे आधी सांगून त्याची संमती घ्यायची, आणि ती त्याला मागे घेता आली पाहिजे, असे हा कायदा म्हणतो. राजकीय पक्षांना त्यात वेगळी सूट लिहिलेली नाही. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले आणि संमतीची मुख्य कलमे लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. या वेळापत्रकाप्रमाणे, मतदाराला आपला नंबर संमतीने वापरला का, हे पक्षाला कायद्याने विचारता येईल अशी पहिली लोकसभा निवडणूक 2029 ची असेल.